तांबं आठ दिवस उशिरा आलं तर?

कामाचं वेळापत्रक सांभाळणारं सॉफ्टवेअर शोधतेय, आज पाचवा डेमो झाला. आणि आजही डेमो देणाऱ्या मुलाने पहिल्यांदा काय उघडलं, तर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या पार्टीचा बोर्ड. केक सांगणे, हिरवा. फुगे फुगवणे, पिवळा. अरे बाबा, आम्ही नाशिकला, अंबडमध्ये पंपांचे कंट्रोल पॅनल बनवतो. २१ पॅनल, प्रत्येकाचं ड्रॉइंग वेगळं, आणि त्यातली ६ अजून अप्रूव्हललाच अडकलीयेत. फुगे कोण फुगवतंय इथे?

मी एकच प्रश्न विचारला. आधीच्या चौघांनाही तोच विचारला होता. बसबारचं, म्हणजे पॅनलमधल्या वीज वाहणाऱ्या पट्ट्यांचं, तांबं ८ दिवस उशिरा आलं, तर वायरिंग, टेस्टिंग, कस्टमरचं इन्स्पेक्शन आपोआप पुढे सरकतं का, आणि डिस्पॅचची तारीख हुकतेय का ते दिसतं का?

"ग्रेट क्वेश्चन, मॅडम!"

इथेच माझं डोकं सणकलं. ग्रेट क्वेश्चन म्हणणाऱ्याकडे उत्तर नसतं, हा माझा आजवरचा अनुभव. त्याने काय दाखवलं, तर कार्ड लाल करता येतं. त्यावर रडका चेहरा चिकटवता येतो. आणि माउसने पट्टी ओढून म्हणाला, "बघा, ड्रॅग केलं की झालं!" काय झालं? ही ऑर्डर सिंहस्थाच्या कामाची आहे. पहिली पर्वणी २ ऑगस्ट २०२७ ची. ती ओढून दाखव की!

शेवटी कळलं, की एका कामावर दुसरं अवलंबून असण्याची सोय "वरच्या प्लॅनमध्ये" आहे. वरचा प्लॅन कितीचा? माणशी, दरमहा, वर १८ टक्के जीएसटी. आणि किमान १० माणसं घ्यावीच लागतात. आम्ही ऑफिसात चौघं. उरलेले सहा मी काय रामकुंडावरून गोळा करून आणू?

बरं, आमची सुट्टी शनिवारी. रविवारी कारखाना चालू. त्यांच्या कॅलेंडरला हे पटतच नाही, ते दोन्ही दिवस बंद धरून बसतं. बदलायचं तर तेही वरच्याच प्लॅनमध्ये. म्हणजे आमच्याच रविवारी काम करायला आम्ही ह्यांना भाडं द्यायचं.

१९५७ साली, कॉम्प्युटर खोलीभर असायचे तेव्हा, अमेरिकेत ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँडच्या लोकांनी क्रिटिकल पाथ काढून दाखवला होता. कुठलं काम लांबलं की अख्खं प्रोजेक्ट लांबतं, एवढंच तर मला हवंय! ह्यांच्याकडे एआय आहे, म्हणे. ते काय करतं? मीटिंगचा सारांश लिहितं. मला मीटिंगच नकोय.

आणि ती १४ दिवसांची फुकट ट्रायल! २१ पॅनलची कामं भरण्यातच १२ दिवस जातात. तेराव्या दिवशी "आवडलं का?" म्हणून फोन. पंधराव्या दिवशी सगळं कुलूपबंद, आणि आपणच भरलेली माहिती बाहेर काढायची तर पैसे भरा. त्यातला एक जण तर रात्री साडेनऊला फोन करतो. ताटावर बसलेली असते मी.

त्यात आमचे साहेब. कॉलेज रोडला मिसळ खाताना कुणा मित्राने सांगितलं, आमच्याकडे प्रिमावेरा आहे. लगेच मला, "आपण पण बघू या का?" साहेब, तो माणूस पूल बांधतो! त्या एका सॉफ्टवेअरसाठी त्याने वेगळा प्लॅनर पगारावर ठेवलाय. आपल्याकडे प्लॅनर, खरेदी आणि चहाचं बिल, तिन्ही मीच.

आता खरं सांगते. कुठलं घ्यायचं हे ठरवायला मी एक एक्सेल केलीये. १४ सॉफ्टवेअर, ३७ कॉलम, प्रत्येक कॉलमला वेगळा भार. फाइलचं नाव 'निवड_फायनल_नवीन_३'. पाडव्याला निर्णय होणार होता. गणपती आले. माझं हे प्रोजेक्ट किती लेट चाललंय, हे दाखवणारं सॉफ्टवेअर माझ्याकडे नाही.

डेमो संपवून खाली गेले. स्टोअरच्या दाराशेजारी पांढरा फळा आहे, आमच्या स्टोअरच्या काकांचा. अर्ध्या मार्करची शाई संपलेली, डस्टर कधीचा हरवलेला. "काका, हा आता काढून टाकायचा," असं मी त्यांना दर महिन्याला ऐकवते. आज ते फोनवर होते. फोन ठेवला, म्हणाले, "मॅडम, तांबं आता शुक्रवारी येतंय." मग कोपराने चार तारखा पुसल्या, चार नव्या लिहिल्या, शेवटच्या तारखेखाली दोन रेघा ओढल्या. "इन्स्पेक्शन बुधवारऐवजी सोमवारी धरा. गाडी तेवढी आधी सांगून ठेवा, नाहीतर हुकेल."

अर्धा मिनिट लागलं असेल.

उद्या ११ वाजता सहावा डेमो आहे. रद्द नाही केलेला. काका दिवाळीनंतर रिटायर होतायत.