वाटणी आधी, पासपोर्ट मागून

जर्मन संसदेने नागरिकत्वाचा कायदा बदलला आणि २७ जून २०२४ पासून इथे जुना पासपोर्ट न सोडता नागरिक होता येतं. वास्तव्याची अटही आठवरून पाच वर्षांवर आली. सोलापुरात आमच्या घरच्या ग्रुपवर लगेच निकाल लागला: 'यांना दोन्ही डगरींवर पाय हवेत.' अहो, आपल्याच १९५५ च्या कायद्याचं कलम ९ तो पाय ठेवू देत नाही. परदेशी नागरिकत्व आपणहून घेतलं की भारतीय नागरिकत्व संपलं. उरतं ते ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला व्हिसाशिवाय भारतात येण्या-राहण्याची मुभा.

त्या कार्डावर मताचा हक्क मला नकोच. बाळीवेशीतला रस्ता कधी खणायचा हे तिथली धूळ खाणाऱ्यांनी ठरवावं. शेतजमीन विकत घेता येत नाही म्हणून भाऊ हळहळतो; पण ती बंदी भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्यालाही आहेच. वारसाने मिळते, तेवढं पुरे.

माझी अडचण वेगळी आहे. नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीवर (सीएए) देशभर रान पेटलं ते धर्माच्या मुद्द्यावरून. त्याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद होती: सरकार अधिसूचित करेल तो कायदा मोडल्यास ओसीआय रद्द. आधी म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, हे खरं. मग ऑगस्ट २०२५ मध्ये गृहमंत्रालयाची अधिसूचना आली. दोन वर्षं किंवा जास्त कैद झाली तर नोंदणी रद्द होऊ शकते, हे ठीक. पण सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात नुसतं आरोपपत्र दाखल झालं, तरीही!

आमच्या मोहोळकडे वाटणीवरून बिनसलं की पहिली धमकी असते, 'चारशेवीस घालतो.' नव्या संहितेत कलमाचा आकडा बदलला, धमकी तीच. फसवणुकीला शिक्षा सात वर्षांपर्यंत. खवळलेल्या चुलतभावाला आणखी काय हवं? खटल्यातून मी निर्दोष सुटेनही, पण तोवर कार्ड गेलं तर तारखेला हजर राहायलाच व्हिसा मागावा लागेल.

जर्मनीही धुतल्या तांदळाची नाही. तीन वर्षांत नागरिकत्व देणारी वाट संसदेने २०२५ मध्ये बंद केली. पण नाझींनी ज्यूंचं नागरिकत्व हिरावलं, त्यानंतर आलेल्या १९४९ च्या राज्यघटनेत कलम १६ आहे: नागरिकत्व हिरावून घेता येणार नाही. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, मान्य. तरी गुन्हा शाबीत होईपर्यंत थांबायला सरकारचं काय जातं? आपल्या खासदारांना ग्रुपवरच्या कुणीतरी हे विचारावं.

माझा इथला अर्ज भरून तयार आहे. मोहोळच्या जमिनीची वाटणी झाल्याशिवाय पाठवणार नाही.