वाघोलीचा पाऊस शिवाजीनगरच्या मापाने मोजू नका

पुण्याच्या पूर्व टोकाच्या वाघोलीवर जो लेख आलाय, त्यात तिथली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवरून दिली आहे. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही, हे मान्य. पण २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी हे एक. नगर रस्त्यालगतचे टॉवर बघितले तर तो आकडा आजोबांच्या जुन्या फोटोसारखा वाटतो. दगडखाणींवर पोटापाण्यासाठी आलेले मजूर आणि शेजारच्या खराडीत नोकरी करणारे आयटीवाले एकाच सरासरीत कसे बसवणार?

पर्जन्यमान मात्र चक्क शहराच्या मध्यातल्या शिवाजीनगर वेधशाळेचं लावलंय! पुण्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे पाऊस कमी होत जातो. निदान जवळच्या लोहगाव वेधशाळेचे आकडे तरी घ्यायचे. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्या मोजतो आम्ही, मिलिमीटर नाही.