मीठ टाकण्याआधी डोळ्यांच्या मागे पाहावे

गेल्या आठवड्यातील पहिल्या जोरदार पावसानंतर गंगापूर रोडवरील आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दिव्याखाली पडलेले किडे टिपत बसलेल्या एका भेकावर (इंग्रजीत ‘टोड’) शेजारच्या काकूंनी मूठभर मीठ टाकले. काकू दुष्ट नाहीत. हा बेडूक विषारी आहे आणि त्याच्या स्पर्शाने चामखीळ येते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. परंतु हे प्राणी त्वचेवाटे पाणी शोषतात आणि काही प्रमाणात श्वासही घेतात, त्यामुळे मीठ टाकणे म्हणजे त्यांना जिवंतपणी जाळणेच होय. मी त्याला पाण्याने धुऊन कुंडीआड सोडले.

माझ्या मते मूळ चूक आहे ती भेक आणि बेडूक या दोघांनाही सरसकट ‘बेडूक’ म्हणण्यात. शास्त्रीय वर्गीकरणात भेक हाही बेडकांच्याच गणातला आहे, हे खरे; पण अंगणात येणारा भेक ओळखता आला, तर भीतीचे निम्मे कारण उरत नाही. खडबडीत तो भेक आणि गुळगुळीत तो बेडूक, ही सर्वत्र सांगितली जाणारी खूण मला अपुरी वाटते, कारण शेताच्या बांधावरील कित्येक लहान बेडकांच्या पाठीवरही गाठी आणि वळ्या असतात. त्यापेक्षा डोळ्यांच्या मागे पाहावे. आपल्याकडील नेहमीच्या भेकाच्या प्रत्येक डोळ्यामागे राजम्याच्या दाण्यासारखा लांबट फुगवटा असतो आणि डोळ्यांवरून काळसर कंगोरे गेलेले दिसतात. मागचे पाय आखूड असल्याने तो लांब उडी न घेता तुरुतुरु टुणकतो. त्याची अंडीही वेगळी असतात: डबक्यातील गवताभोवती मंगळसूत्रातील काळ्या मण्यांसारख्या लांब माळा दिसल्या, तर त्या भेकाच्या समजाव्यात.

विष असते ते त्या फुगवट्यांत आणि त्वचेतील इतर ग्रंथींत. प्राण्याला दाबले किंवा चावले, तरच ते दुधाळ स्रावाच्या रूपाने बाहेर येते. म्हणून कुत्र्याने भेक तोंडात धरल्यास त्याचे तोंड धुऊन पशुवैद्यांकडे न्यावे, आणि आपण भेकाला हात लावल्यास तो डोळ्यांना लागण्याआधी धुवावा. भेकाला दातच नसतात. माणसाला येणारी चामखीळ विषाणूमुळे होते, तिचा भेकाशी काडीचाही संबंध नाही.

याउलट पहिल्या पावसात साचलेल्या पाण्यात ओरडणारे पिवळेधमक मोठे बेडूक लोकांना हमखास विषारी वाटतात. ते विणीच्या हंगामात रंग पालटलेले नर असतात, आणि त्यांच्या गळ्याच्या निळ्या पिशव्या पाहून मी तर प्रत्येक वेळी थबकतो. पायांसाठी या जातीची इतकी कत्तल झाली, की 1987 मध्ये भारताने बेडकांच्या पायांची निर्यातच बंद केली.

काल रात्री तोच भेक, किंवा त्याचा भाऊबंद, पुन्हा दिव्याखाली आला. मी काकूंना टॉर्चच्या उजेडात डोळ्यामागची ती गाठ दाखवली. त्या बराच वेळ वाकून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “मग घरात शिरला तर काय करायचं?” सुपलीत घेऊन बागेत सोडायचा, एवढेच मी त्यांना सांगितले.