कतारच्या फाशीचा मेसेज जुना आहे, वर्गणी देऊ नका

दारव्हा-दिग्रसकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: कतारमध्ये आपल्या ८ माजी नौसैनिकांना फाशी होणार, सुटकेसाठी घरटी २०० रुपये द्या. खाली क्यूआर कोड. आमच्या गावात तर पोळ्याच्या वर्गणीतूनच द्यायचं चाललं होतं.

फाशी सुनावली होती हे खरं, पण ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. डिसेंबरात ती रद्द होऊन कैदेची शिक्षा झाली आणि १२ फेब्रुवारी २०२४ ला परराष्ट्र मंत्रालयानं आठही जण सुटल्याचं जाहीर केलं. सात जण तोवर भारतात पोचलेही होते. आठवे तेव्हा परतले नव्हते. मंत्रालयाचं निवेदन कोणालाही वाचता येतं.

राहिला पैसा. सुटकेसाठी दूतावास गावोगाव वर्गणी काढत नाही. परदेशात अडकलेल्या गरजू भारतीयाच्या वकिलाचा, तिकिटाचा खर्च भारतीय समुदाय कल्याण निधीतून होऊ शकतो. तो २००९ पासून आहे. आखातात गेलेलं आपलं पोरगं खरंच अडकलं, तर पासपोर्टची झेरॉक्स हाताशी घेऊन मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाका.

पाठवणाऱ्यांनी कळकळीनंच पाठवलं असेल. तरी तो मेसेज आता पुढे ढकलू नका, आणि जिथं टाकला असेल तिथं हा खुलासाही टाका.