मॉलच्या आधीचा कॉलेज रोड
किशोरवयीन मुलांचे मॉल, रॉक संगीत आणि बंडखोरी यांवरचा लेख वाचला. या मुलांना घराबाहेर हक्काची पहिली जागा मॉलने दिली, हे त्यातील विधान नाशिकपुरते तरी मला अर्धवट वाटते. उंटवाडीला सिटी सेंटर मॉल उभा राहण्यापूर्वीच आमच्या पिढीसाठी कॉलेज रोड हाच मॉल होता. फरक इतकाच, की तिथे वातानुकूलन नव्हते आणि ओळखीचे काका कधी समोर येतील याचा नेम नव्हता.

रॉक संगीत ही त्या वयाची ओळख असते, या लेखकाच्या मताशी मात्र मी पूर्ण सहमत आहे. १९९४ साली चॅनल व्ही आणि १९९६ साली एमटीव्ही इंडिया या संगीत वाहिन्या सुरू झाल्यावर रॉक आमच्या घरांत शिरले, पण ते साठवायचे कुठे, हा प्रश्न होताच. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे मावत आणि शेवटचे गाणे हमखास मध्येच तुटे. आजही ते गाणे कुठे लागले, की मी नकळत त्याच ओळीवर थबकतो. पुढे ७०० एमबीच्या सीडीवर दीडशेहून अधिक एमपीथ्री गाणी बसू लागली, तेव्हा मित्राने मार्करने नावे लिहून दिलेली सीडी हाच आमचा दागिना झाला.

बँडचे नाव छापलेला काळा टीशर्ट घालून भर मे महिन्यात गंगेवर (नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरी) भेळ खायला जाणाऱ्या आम्हा चौघांना बंडखोर म्हणावे का, हे लेखकानेच ठरवावे. आईच्या मते आम्ही फक्त घामाघूम होत होतो.