सीटी स्कॅनच्या आधी व्हिटॅमिन सी? आमच्या मावशीनं स्कॅनच पुढं ढकलला की

घरच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरायलाय. "एक सीटी स्कॅन म्हणजे 500 एक्स-रे! आधी 3 दिवस आणि नंतर 7 दिवस व्हिटॅमिन सी आणि ई घ्या, रेडिएशनचा परिणाम शून्य. एमआरआय, सोनोग्राफीलाही हेच करा." खाली सगळ्यांचे हात जोडलेले. आमच्या मावशीचा पोटाचा सीटी सोमवारी होता, सात रस्त्याकडं, तर म्हणते कोर्स राहिलाय, गुरुवारी जाते. म्हणून लिहायलोय.

एमआरआय आणि सोनोग्राफीत एक्स-रे नसतातच ओ. एकात चुंबक आणि रेडिओ लहरी, दुसऱ्यात आवाजाच्या लहरी. लिहिणाऱ्याला एवढंपण माहीत नाही.

500 चा आकडा मात्र अगदीच हवेतला नाही. छातीचा एक एक्स-रे 0.02 ते 0.1 मिलिसिव्हर्टच्या (रेडिएशन मोजायचं माप) आसपास, पोटाचा सीटी साधारण 8 ते 10, डोक्याचा 2. पण हेपण सांगा ना की जमिनीतून, हवेतून, जेवणातून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळतंच, म्हणजे पोटाचा सीटी झाला तीन-चार वर्षांचा हिशोब. थोडा धोका आहे, नाही असं नाही, पण डॉक्टरला पोटात काय चाललंय ते कळणं जास्त गरजेचं असतं.

आता गोळ्या. एक्स-रे पेशीतल्या पाण्याला धडकले की फ्री रॅडिकल, म्हणजे लगेच कशालाही चिकटणारे कण, तयार होतात आणि ते डीएनए तोडतात, इथपर्यंत खरंय, आणि ते टिपायला व्हिटॅमिन ही आयडिया इथूनच आली. पण ते रॅडिकल सेकंदाच्या अब्जाव्या हिश्श्यात संपतात, मग स्कॅननंतर 7 दिवस गोळ्या खाणं म्हणजे सोलापूरची गड्डा जत्रा उठल्यावर पाळण्याचं तिकीट काढणं झालं. शिवाय काही मार थेट डीएनएवरच बसतो, तिथं गोळी काय अडवणार? तुटलेलं बहुतेक पेशी स्वतःच जोडून घेते.

आधी घेतल्या तर? छोट्या अभ्यासांत रक्तातल्या पेशींत डीएनएच्या तुटी कमी दिसल्यात, मान्य. पण त्यानं पुढं कुणाचा कॅन्सर टळला असं कुणी दाखवलेलं नाही, "शून्य" तर लांबच.

"खायला काय जातंय" म्हणणाऱ्यांसाठी: फिनलंडमधे 29,133 सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला, 1994 ला निकाल आला, बीटा कॅरोटीन (सी, ई सारखंच रॅडिकल टिपणारं, गाजरातलं द्रव्य) घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्के जास्त निघाला. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात रोज 400 युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर 17 टक्के जास्त, हे 2011 चं. ते लोक वर्षानुवर्षं घेत होते, 10 दिवस नाही, हे खरं, पण आमचे विडीवाले काका मेसेज वाचून कायमच्याच सुरू करून बसलेत, त्यांचं काय? आणि कुणाचं बार्शीला कॅन्सरसाठी रेडिएशन चालू असेल तर डॉक्टरला सांगितल्याशिवाय असल्या गोळ्या अजिबात नको, तिथं गाठीच्या पेशी मारायलाच किरण देतात, त्यांना वाचवून कसं चालेल?

खरं रेडिएशन वाचतं ते स्कॅन परत करायची वेळ आली नाही तर. सोनोग्राफीवर भागेल का विचारा, दिवस गेल्याची शंका असेल तर आधीच सांगा, आणि जुन्या फिल्मा सोबत न्या. मावशीच्या मागच्या सीटीच्या फिल्मा कपाटात चादरींच्या घडीखाली सापडल्या, कुणाला दाखवल्याच नव्हत्या.

उद्या सकाळी मीच घेऊन जायलोय तिला, गुरुवारची वाट न बघता. गोळ्यांची दोन पाकिटं मेडिकलवाला परत घेतोय का बघतो, तिसरं फोडलंय तिनं.