सिंहस्थाची गर्दी आणि ‘हलका’ सर्व्हर

परवा दाजींनी एक फॉरवर्ड पाठवलं आणि खाली विचारलं, "मग आपलं काय करायचं?" पंचवटीत त्यांचं बारा खोल्यांचं लॉज आहे, 2027 च्या सिंहस्थाआधी ऑनलाइन बुकिंग सुरू करायचंय. फॉरवर्ड म्हणतं: एन्जिनएक्स (वेबसाइटची पानं ब्राउझरला पुरवणारा सर्व्हर) आणि टॉमकॅट (जावातले प्रोग्राम चालवणारा हलका सर्व्हर) शिकाऊंसाठी, गर्दीत कोसळतात, सुरक्षित नसतात, पैशांचे व्यवहार सांभाळू शकत नाहीत, खऱ्या धंद्याला ओरॅकल कंपनीच्या वेबलॉजिकसारखा फुल, म्हणजे सगळ्या सोयी आधीच भरलेला, अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरच लागतो. याच्या जोरावर एकाने दाजींना मोठं कोटेशनही दिलंय, म्हणून राहवत नाही.

गर्दीत कोसळतो म्हणे! अहो, एन्जिनएक्स जन्मालाच गर्दीसाठी आला. एकाच मशीनवर एका वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या, हा तेव्हाचा प्रश्न होता. इगोर सिसोएव यांनी त्यावर काम करून 2004 मध्ये तो सगळ्यांसाठी खुला केला. मिसळीच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाशेजारी एकेक पोऱ्या उभा करत नाहीत, एकच वाढपी दहा टेबलं फिरतो. एन्जिनएक्सची एक वर्कर प्रोसेस तशाच हजारो जोडण्या बघते. खोल्यांचे फोटो, दरपत्रक, नकाशा तोच परस्पर देतो, मागच्या टॉमकॅटपर्यंत फक्त बुकिंगच्या विनंत्या जातात. टॉमकॅटही काही न बदलता 200 थ्रेडपर्यंत जातो, म्हणजे एकाच वेळी 200 विनंत्यांवर काम करू शकतो. बारा खोल्यांना आणखी किती हवेत? गर्दीत आधी दमतो तो बहुधा डेटाबेस, आणि वेबलॉजिक घेऊन तो काही वेगवान होत नाही.

सुरक्षिततेबद्दल ओरॅकलचंच पत्रक बघा. ऑक्टोबर 2020 मध्ये त्यांनी वेबलॉजिकमधली सीव्हीई-2020-14882 ही त्रुटी जाहीर केली, तीव्रता 10 पैकी 9.8. पासवर्ड नसलेला माणूसही अ‍ॅडमिन कन्सोलच्या वाटेने सर्व्हर ताब्यात घेऊ शकत होता. टॉमकॅटही धुतल्या तांदळाचा नाही, त्याच वर्षी त्यात घोस्टकॅट नावाची त्रुटी सापडली. पॅच दोघांनाही वेळेवर लावावे लागतात. फक्त वेबलॉजिकमध्ये आपण कधीच वापरणार नाही अशा सोयींची दारंही राखत बसावं लागतं.

व्यवहारांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, मान्य करतो. एन्जिनएक्स एकटा बुकिंग घेऊ शकत नाही. शिवाय एकाच व्यवहारात दोन वेगळे डेटाबेस आणि एक मेसेज क्यू (प्रोग्रामांमधले निरोप रांगेत ठेवणारी सोय) एकत्र बांधायची असेल, तर फुल सर्व्हरमध्ये ती सोय तयार मिळते. बँकेला ती लागत असेल. दाजींचा डेटाबेस एकच. एक खोली एका रात्री दोघांना जाऊ नये, यासाठी पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये खोली आणि तारीख यांच्या जोडीवर युनिक बंधन (तीच जोडी पुन्हा नोंदवू न देणारा नियम) घातलं की दुसरं बुकिंग डेटाबेसच नाकारतो.

दाजी, अ‍ॅडव्हान्स दिला नसेल तर थांबा. त्या माणसाला विचारा, वेबलॉजिकमधली नेमकी कोणती सोय आपल्या लॉजला लागणार आहे? उत्तर लेखी घ्या आणि मला पाठवा.